सातचा नारळ

सोमवार, १९ जानेवारी
अंधेरी पूर्व

चारकोपला पस्तीस वर्षं संसार केला आणि आज त्याच मुंबईत हॉटेलची पाहुणी म्हणून उतरले आहे. खाली काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मुंबईत पहिल्यांदाच?" म्हटलं, बाई गं, तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून मी इथली आहे. ती हसली. म्हातारी चढेल दिसते, असं मनात म्हणाली असेल.

आमची बिल्डिंग पाडून वर्ष झालं. नवी उभी राहीपर्यंत आम्ही दोघं कुडाळला, यांच्या गावच्या घरी. सौरभ टोरांटोहून ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर आला आहे. कंपनीने त्याला विमानतळाजवळच्या या हॉटेलात ठेवलं आणि त्याने शेजारची खोली आमच्यासाठी घेतली. "आई, मला गावाला यायला जमणार नाही, तुम्हीच या ना," म्हणाला. आलो. बोलावलं आणि गेलो नाही, असं आईबापांचं कधी झालंय?

दोन वर्षांनी पोराला पाहिलं. जवळ घेतलं तर हाताला बरगड्या लागल्या. एकटाच आलाय. शर्मिष्ठाला रजा नाही आणि अपूर्वाची शाळा बुडवायची नाही म्हणे. पहिलीची शाळा. पहिली बुडवून कोण अडाणी राहिलंय?

नातीचं तोंड श्रावणापासून पाहिलेलं नाही. आधी दर रविवारी व्हिडिओवर यायची, पडलेला दात दाखवायची. आता फोन लावावा तर पोहायला गेलीय, नाहीतर झोपलीय, नाहीतर मैत्रिणीकडे. सहा वर्षांच्या पोरीला एवढ्या भेटीगाठी.

मंगळवार, २० जानेवारी

सकाळचा नाश्ता म्हणजे लग्नाची पंगत आहे, फक्त वाढणारं कुणी नाही. पोहे पिवळे आणि सुके. चारकोपला पोळीभाजी केंद्र चालवलेली बाई मी, मला हे पोहे गिळवेनात. यांनी तीनदा घेतले.

सौरभने साधं वरण-भात घेतला, सकाळी आठला. म्हटलं, हे काय? म्हणाला, "तिकडे रोज तेच करतो गं, सवय झालीय." म्हणजे स्वयंपाक हा करतो. सूनबाईने बरा कामाला लावलाय. मी तीस वर्षं यांना कुकरची शिटी मोजायला शिकवते आहे, अजून जमलं नाही.

सौरभ कामाला गेला. दिवसभर आम्ही दोघं बंद खोलीत विमानं मोजत बसलो. यांच्या डोक्यात शनिवार आहे.

शनिवारी प्रभादेवीला यांच्या वेतोबा क्रीडा मंडळाची कबड्डी सुरू होते आहे, रात्रीच्या दिव्यांत. गिरणीत असताना हे त्या मंडळाचे उजवे कोपरारक्षक, पुढे कप्तानही. यांनी पाय धरला की सुटायचा नाही, असं लोक सांगतात. मी लग्न करून आले तोवर गुडघा गेलेला होता, त्यामुळे मी सगळा संसार ऐकीव माहितीवर केला.

मंडळाची एक रीत आहे. पहिल्या दिवशी मैदानावर नारळ वाढवायचा तो जुन्या कप्तानाने. दर वर्षी एक, आणि ज्या क्रमाने कप्तान झाले त्याच क्रमाने. त्यात कुणाला मध्ये घुसता येत नाही. आमदार आला तरी त्याने खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. आणि पाळी चुकली की चुकली, नारळ पुढच्याच्या हातात जातो, परत मागे येत नाही. यंदाची पाळी यांची आहे. कुडाळहून निघताना पांढरी पँट स्वतः इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवली. स्वतः. लग्नातही असं केलं नसेल.

पण मुलाला 'चल' म्हणायला तोंड उघडत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं हा जुना स्वभाव. शेवटी जेवताना मीच विषय काढला. "सौरभ, शनिवारची संध्याकाळ आम्हाला दे. बाबांच्या हातून नारळ आहे."

"शनिवारी?" तो म्हणाला आणि बाबांकडे बघायला लागला. "किती वाजता?"

हे म्हणाले, "तू तुझी कामं आटप आधी. रात्रीचा खेळ आहे, कुठे पळून जातोय."

मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. मला एक संध्याकाळ हवी आहे. आम्ही दोघं आणि मध्ये सौरभ, कुठे का होईना. रविवारी संध्याकाळी त्याचं विमान आहे, मग पुन्हा दोन वर्षं.

गुरुवार, २२ जानेवारी

प्रभादेवीला जायचं कसं, यावर आज काउंटरवरच्या मुलीशी खल झाला. तिचं नाव समीक्षा, राहणारी जोगेश्वरीची. आता मला काकी म्हणते. म्हणाली, "काकी, शनिवारी संध्याकाळी टॅक्सीने गेलात तर वाट लागेल. भुयारी मेट्रोने जा ना. मरोळ नाक्याला बसा, सिद्धिविनायकला उतरा. एकदम झकास."

मला पटलं. यांनी मात्र भलतंच विचारलं. "आत फोन लागतो काय गो? म्हणजे नीट बोलता येतं काय, चित्र दिसतं तसं?"

"कधी लागतो काका, कधी नाही. टॅक्सीतपण पुलाखाली वगैरे कट होतोच."

हे विचारात पडले. सत्तर वर्षांच्या माणसाला जमिनीखालून कुणाशी व्हिडिओवर बोलायचं आहे? मी विचारलं तर म्हणाले, "सहज."

दुपारी चंदूभावजींचा फोन आला. भावजी मंडळाचे दुसरे जुने कप्तान, आता सगळी व्यवस्था तेच बघतात. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो. कळलं रे. सात. हो बाबा, सातच. कितीदा सांगशील?" फोन ठेवून हे मला म्हणाले, "सात म्हटल्यार नऊ धरूचे. आपण आठला निघू."

यात खोटं काही वाटलं नाही. मंडळाचे कार्यक्रम मी ओळखते. सातला पाहुणे आंघोळीला जातात, आठला सतरंजी येते, साडेआठला माईकवाला 'हॅलो हॅलो' सुरू करतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की नारळच आणायचा राहिला. चारकोपच्या आधी आम्ही राहायचो त्या चाळीत सातच्या कार्यक्रमाला जो सातला आला तो वेडा ठरायचा. मी म्हटलं, आठलाच निघू, उगाच जाऊन खुर्च्या कशाला मोजायच्या.

शुक्रवार, २३ जानेवारी

सौरभ आज लवकर आला, पण गप्प होता. मी आपली बोलत होते. अपूर्वाला शिवलेला परकर दाखवला, नारळाच्या वड्यांचा डबा दाखवला, ओघात विचारलं, "अपूर्वाला भावंड कधी? ती सात वर्षांची होईल आता, फार अंतर बरं नाही."

तो उठून खिडकीशी गेला. हे माझ्यावर खेकसले. "तुला दुसरा विषय नाही काय?" पोराच्या देखत. मग दोघं बापलेक खाली फेऱ्या मारायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला बोलावलं नाही.

शर्मिष्ठाला मेसेज केला होता, 'वड्या पाठवते आहे, तुला आवडतात म्हणून.' तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

मला राग आलाय आणि रागाच्या खाली रडू आहे. पोर चार पावलांवर असून मला त्याची आठवण येते आहे, हे कुणाला सांगू?

शनिवार, २४ जानेवारी

सव्वासात. मी जरीची साडी नेसून तयार बसले आहे. हे पांढऱ्या पँटमध्ये, दाढी करून, केसांना पाणी लावून. नवरदेव शोभतील. फक्त सौरभ नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सहाला येऊन म्हणाला, "बाबा, सात ते आठ एक कॉल आहे. बाकी सगळं सोडीन, तो नाही सोडता येत मला. तुम्हाला उशीर नाही ना होणार?"

मी म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी कसलं ऑफिस? सांग त्यांना, माझ्या बाबांचा—"

यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "असू दे गो, तेका काम आसा. नारळ नऊचा आहे रे सौरभ. तू सावकाश बोल. पुरा वेळ घे."

"नक्की ना, बाबा?"

"अरे, आपलं मंडळ तुला माहीत नाही काय?"

तो आपल्या खोलीत गेला. भिंत पातळ आहे. शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. चांगला हसतो आहे. आठवडाभरात माझ्यासमोर असा हसला नाही. मघाशी तर मांजराचा आवाज काढला, मग कुत्र्याचा. कोणत्या साहेबाला मांजर लागतं देव जाणे. मी भिंतीजवळ खुर्ची नेली तर यांनी टीव्ही मोठा केला.

आता हे खिडकीशी उभे आहेत. एरवी सहापासून जेवणाची घाई करणारा माणूस, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

रविवार, २५ जानेवारी, सकाळ

कालचं लिहून काढते.

आठ वाजून गेल्यावर सौरभ बाहेर आला. डोळे लाल होते, पण चेहरा उजळलेला. मरोळ नाक्याला मेट्रोत बसलो. जागा मिळाली, तिघांना ओळीने, आणि सौरभ मध्ये. माझं अर्धं काम तिथेच झालं. गाडीत स्टेशनांची नावं पुकारत होते. धारावी आलं, दादर आलं. ज्या दादरला मी तांदूळ निवडून घ्यायला पिशवी घेऊन जायची, ते डोक्यावरून गेलं आणि काही दिसलं नाही. यांना म्हटलं, आपलं सगळं वर राहिलं हो. हे म्हणाले, "वर तरी काय राहिलंय?"

सिद्धिविनायकला सरकत्या जिन्याने वर आलो. यांचा गुडघा कुरकुरत होता तरी हे पुढे, आम्ही मागे. गल्ली वळल्यावर दिव्यांचा उजेड दिसला आणि शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, सराव चालला असेल. हे तसेच पुढे चालत राहिले.

सराव नव्हता. खेळ ऐन रंगात होता. माणसं बाकड्यांवर, गॅलऱ्यांत, भिंतीवर. दाराशी बिल्ला लावलेल्या एका पोरीने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली. म्हटलं, "हे कशाचं?"

"प्रसाद, काकी. मघाशी नारळ वाढवला ना, सातला."

"कुणी?"

"चंदूकाकांनी."

तेवढ्यात चंदूभावजी स्वतःच आले, गळ्यात हार तसाच. यांच्या खांद्याला धरून म्हणाले, "सहदेव, काय रे हे? दोनदा फोन केला तुला. दहाला भोंगा बंद करायला लागतो, पोलीस उभे असतात, आता पहिल्यासारखं नाही, सातच्या ठोक्याला सुरू होतं म्हणून घसा फोडून सांगितलं. सव्वासातपर्यंत थांबवलं मी. मग माझ्या हातात दिला सगळ्यांनी. तुझी पाळी मी घेतली रे. मला कसं वाटलं असेल?"

हे म्हणाले, "विसरलो. वय झालं चंदू. चांगला फुटला काय?"

"एका दणक्यात."

"मग झालं तर."

विसरले म्हणे. ज्याला १९७९ सालच्या फायनलचे गुण तोंडपाठ आहेत, तो माणूस दोन दिवसांपूर्वीचा सात विसरला. मी तिथेच भांडणार होते. चाळीस वर्षं जुनी सवय, सातचे नऊ करायची, घ्या आता. पण सौरभकडे बघितलं आणि गप्प बसले. तो यांच्याकडे असा बघत होता की मला मध्ये बोलवेना.

"बाबा, सातला होता?" त्याने हळूच विचारलं.

"खेळ बघ," हे म्हणाले.

खुर्च्या मिळाल्या. पुन्हा सौरभ मध्ये. त्या रात्रीचा शेवटचा सामना वेतोबाचा होता. समोरचा चढाईला आला, आमच्या कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला आणि तो निसटला. हे चवताळले. "असा नाय धरूचो रे," म्हणत पकड दाखवायला सौरभचं मनगट धरलं, आणि मग सोडायचं विसरले. सामना संपेपर्यंत धरून होते. सौरभनेही हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्याने माझा हात धरला. वेतोबा तीन गुणांनी हरलं आणि मला काही वाईट वाटलं नाही. मी खोबरं हातातच धरून बसले होते, खायचं सुचलं नाही. यांनी आपला तुकडा कधीच खाल्ला होता.

येताना माईकवर कुणीतरी यांचं नाव घेतलं, 'आमचे ज्येष्ठ कप्तान उपस्थित आहेत'. यांनी हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्धे लोक तोवर उठून चालले होते.

रविवार, दुपार

सौरभची गाडी चारला येणार आहे. हे खाली त्याच्याजवळ आहेत. मी वर आले, कारण मला लिहायचं आहे, नाहीतर मी कुणालातरी ओरडेन.

नाश्त्याला मी म्हटलं, "वड्यांचा डबा हातातल्या बॅगेत ठेव, शर्मिष्ठाला दे."

सौरभने चमचा खाली ठेवला. "आई, शर्मिष्ठा टोरांटोत नाही. तिला हॅलिफॅक्सला नोकरी लागली. ती आणि अपूर्वा तिकडे असतात. ऑगस्टपासून."

"मग तू कधी जाणार तिकडे?"

"आई. आम्ही वेगळे झालोय."

मला वाटलं होतं, असं काही कानावर आलं तर मी आकांत करीन. मी विचारलं, "तिकडे थंडी जास्त आहे का?" तो म्हणाला, "हो." मग मी विचारलं, कुणाची चूक? तो म्हणाला, "कुणाची नाही गं. दोघंही थकलो. भांडण संपल्यावर बोलायला काही उरायचंच नाही."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होतो. दर वेळी तू फोन उचलल्या उचलल्या अपूर्वा कुठेय विचारायचीस, आणि मग मला बोलताच यायचं नाही." मग म्हणाला, "काल सातला तिच्याशीच बोलत होतो. दोन महिन्यांनी एकदा भेटायला जातो, एरवी आठवड्यातून तेवढा एक तास ठरलाय. तिची शनिवारची सकाळ. एकदा नेटवर्क नव्हतं तर ती तासभर फोनसमोर बसून राहिली होती, उठायलाच तयार नव्हती."

तेव्हा मला मांजर कळलं. भिंतीपलीकडे माझी नात होती आणि मी साहेबाला नावं ठेवत बसले होते.

मी यांच्याकडे वळले. हे पोळीला लोणी लावत होते. "तुम्हाला माहीत होतं."

"दिवाळीत सांगितलं त्याने. आईला मीच सांगेन म्हणाला, मग मी कोण मध्ये बोलणारा?"

"आणि काल? चंदूभावजींनी सात सांगितलं होतं ते?"

हे लोणी लावतच राहिले. सौरभ म्हणाला, "बाबा, मला सांगायचंत ना. मी काहीतरी केलं असतं. रस्त्यात बोललो असतो."

"रस्त्यात फोन तुटता. मी विचारलं होतं त्या मुलीला," हे म्हणाले. "नारळ काय रे, कोणीतरी फोडतलोच. तिकडे पोर वाट बघत बसलेली. तिची वेळ चुकवून चालता काय?"

सौरभ उठला आणि यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, यांच्या डोक्यावर हनुवटी ठेवून. आजूबाजूची माणसं पोहे खात होती. मी टेबलाच्या अलीकडे एकटी बसले होते. मग त्याने हात लांब करून मलाही ओढलं.

मला यांचा राग आहे. तीन महिने एका घरात राहून मला कळू दिलं नाही, हा राग जाणार नाही. पण चाळीस वर्षं मी ऐकत आले की यांनी धरलेलं सुटत नाही, ते खरं आहे एवढं काल कळलं.

शनिवार, ३१ जानेवारी
कुडाळ

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मनात खूप होतं म्हणूनच.

सौरभ पोचला. आता रोज फोन करतो, पाच मिनिटं का होईना. मी अपूर्वाचं विचारत नाही, तोच सांगतो. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स' म्हणता येत नाही. आजीशी बोलायला शर्मिष्ठाची ना नाही, असं म्हणाला, हळूहळू ठरवू. मी म्हटलं, तिला माझा राग नाही म्हणून सांग. थोडा आहे, पण ते सांगू नको.

आज दुपारपासून मी घड्याळ बघते आहे. हे पडवीत बसून आहेत, पण त्यांचंही लक्ष तिकडेच. सात वाजले. माझा हात दोनदा फोनकडे गेला. नुसता आवाज ऐकावा, काहीतरी निमित्त काढावं, चुकून लागला म्हणावं. फोन उचलला आणि परत ठेवला, आणि वर पदर टाकला.

साडेसातला यांनी आत डोकावून विचारलं, "चहा ठेवतंस?"

म्हटलं, थांबा जरा. त्यांचं बोलणं होऊ दे.